अंधांचा अक्षरगुरू : लुई ब्रेल

आपल्या कोल्हापुरात वहाणा शिवणाऱ्या कारागिराचे हाती आरी नावाचे एक टोकदार हत्यार असते. चामड्यास भोक पाडून त्यातून वादी ओवण्याची वाट करणे, हे तिचे काम. चामड्याच्या कामातील अशाच एका टोकदार हत्याराने एका बालकाचे डोळे गेले. पुढे त्याच बालकाने आरीसारखीच एक लहानशी लेखणी हाती घेऊन जगातील अंधांस अक्षरे मिळवून दिली. त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

लुई ब्रेल ह्याचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूपव्रे ह्या गावी झाला. वडील घोड्यांची खोगिरे व लगाम करीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या जागी खेळत असता हत्यार डोळ्यात गेले. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यास जडला, आणि पाच वर्षांचा होण्याच्या सुमारास तो पूर्ण अंध झाला.

आईबापांनी त्यास कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. गावच्या पंतोजींनीही त्यास इतर मुलांबरोबर शाळेत घेतले. एकदा कानी पडलेले तो विसरत नसे. परंतु मुले पुस्तक उघडीत तेव्हा लुईचे हात रिकामेच राहत. शाळेत जागा मिळाली होती, साधन मिळाले नव्हते.

१८१९ साली, दहा वर्षांचा असता, तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तेथे संस्थापक आवी ह्यांच्या पद्धतीची पुस्तके होती. नेहमीचीच अक्षरे जाड कागदावर उठावदार छापलेली असत, व एकेक अक्षर बोटाने चाचपीत ओळखावे लागे. पुस्तके अवजड व मोजकी. शिवाय त्या रीतीने अंधास स्वतः लिहिता येत नसे.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नामक एका माजी लष्करी अधिकाऱ्याने उठावदार ठिपक्यांची एक लेखनपद्धती त्या शाळेपुढे मांडली. तिच्यात बारापर्यंत ठिपके असत. एवढी आकृती बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावत नसे. तिच्यात केवळ ध्वनी दर्शविलेले असत. शुद्धलेखन, विरामचिन्हे व अंक ह्यांची सोय नव्हती. बारा वर्षांच्या लुईने ह्या उणिवा हेरल्या. तीन वर्षे खपून, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने ठिपके सहांवर आणले : दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. ह्या सहांपासून त्रेसष्ट निरनिराळ्या आकृती होतात, आणि प्रत्येक आकृती एका स्पर्शात कळते. लिहिणारा कागदाच्या पाठीमागून उजवीकडून डावीकडे टोचीत जातो. कागद उलटला की ठिपके वर येतात व डावीकडून उजवीकडे वाचता येतात.

ही लिपी १८२९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात संगीताचीही सोय होती. ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. बीजगणित, भूमिती व संगीत शिकवू लागले, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले. १८३८ साली त्यांनी नवशिक्यांसाठी अंकगणिताचे एक लहानसे पुस्तकही रचिले. अंध मुलास गणित झेपणार नाही, हे मत त्यांनी आपल्या वर्गातच खोटे पाडले.

तथापि १८४० साली शाळेचे चालक बदलले, आणि नव्या चालकांनी ही लिपी बंद केली. अंधांची लिपी वेगळी झाल्यास ते डोळसांपासून दुरावतील, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. ब्रेल ह्यांनी त्याचे उत्तर १८३९ सालीच तयार केले होते : डोळस माणसास वाचता येतील अशी नेहमीची अक्षरे अंधाने ठिपक्यांनी काढण्याची रीत. हे काम सोपे करणारे यंत्र पुढे पिएर फूको ह्या अंध मित्राने बनविले. इकडे विद्यार्थी बंद केलेली लिपी चोरून वापरीतच राहिले. अखेर १८४४ साली नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

क्षयाने खंगलेले ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळीस वर्षांचे असता, निवर्तले. त्यांच्या शाळेने लिपीचा अधिकृत स्वीकार १८५४ साली केला. १९५२ साली त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेण्यात आले. हात मात्र कूपव्रेलाच ठेवण्यात आले.

आपल्या प्रांती १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या कुमारी अॅना मिलार्ड ह्यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. भारतीय भाषांसाठी तेव्हा ठिपक्यांच्या नाना पद्धती होत्या. १९५१ साली सर्व भाषांस समान अशी भारती ब्रेल ठरली. तिच्यातील मराठी 'क' व इंग्रजी ब्रेलमधील 'के' ह्यांचे ठिपके एकच आहेत. गणिताची चिन्हे सविस्तर लिहिण्याची पद्धती अमेरिकेतील अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ ह्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. तरुणपणी त्यांसही गणित सोडून दुसरा विषय घेण्याचा सल्ला मिळाला होता! आता संगणकास जोडलेल्या पट्टीवर बारीक खिळे वरखाली होऊन ब्रेल उमटते, आणि बोलणारे तापमापक व उठावदार आकृत्या ह्यांमुळे प्रयोगशाळेचे दारही उघडू लागले आहे.

पालकहो, २०१६ च्या कायद्याने अपंग मुलास इतरांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. त्यास घरी ठेवू नका, व अवघड म्हणून विज्ञानापासून वळवूही नका. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गात असा सोबती आला, तर फळ्यावरील आकृती त्यास शब्दांनी सांगा, आणि उपकरण त्याच्या हाती द्या. कूपव्रेच्या शाळेने लुईला बाकावर जागा दिली, हे थोर केले. पण पुस्तक त्यास स्वतःच घडवावे लागले. आपल्या सोबत्यावर तशी पाळी येऊ नये.