तीस रेषांतला चेहरा

माणसाचा चेहरा ओळखू येण्यासाठी चित्रात किमान किती रेषा असाव्यात? १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेलिफोनच्या डिजिटल तारांवरून व्हिडिओ कॉन्फरन्सिंग करण्यासाठी एच.२६१ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले, तेव्हा तज्ज्ञांसमोर हाच प्रश्न होता. त्यांनी आडवे १७६ आणि उभे १४४ बिंदू असलेली ‘क्यूसीआयएफ’ ही इवलीशी चौकट प्रत्येक उपकरणाला सक्तीची केली. सहा दशकांपूर्वी हाच प्रश्न लंडनच्या एका माडीवर जॉन लोगी बेअर्ड यांनी स्वतःला विचारला होता. त्यांचे उत्तर होते, तीस.

बेअर्ड यांचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधील हेलेन्सबरा येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. प्रकृती जन्मापासूनच तोळामासा. पण लहानपणीच त्यांनी आपल्या घरापासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून खासगी टेलिफोन जोडणी उभी केली होती. ग्लासगोत त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात सैन्याने त्यांना अपात्र ठरवले. पुढे पायमोजे विकणे, त्रिनिदादमध्ये मुरंबा करणे, साबणाचा व्यापार असे नाना उद्योग त्यांनी केले आणि प्रत्येक वेळी आजारपणाने त्यांना गाठले.

१९२३ साली हवापालटासाठी ते हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी आले आणि तेथे दूरदर्शनाच्या नादाला लागले. जर्मनीच्या पॉल निपकोव्ह यांनी १८८४ मध्येच सर्पिलाकार भोके पाडलेल्या फिरत्या तबकडीचे पेटंट घेतले होते. तबकडी फिरली की प्रत्येक भोक दृश्याची एकेक रेषा टिपते. कल्पना जुनी, पण ती प्रत्यक्षात आणायला बेअर्ड यांच्याकडे पैसा नव्हता. चहाचे खोके, सायकलच्या दिव्याची भिंगे, रफू करण्याच्या सुया आणि लाख यांवर त्यांनी काम भागवले. विजेच्या जबर धक्क्यातून ते कसेबसे वाचले. घरमालकाने मात्र जागा सोडायला सांगितले.

२ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनच्या सोहो भागातील फ्रिथ स्ट्रीटवर, ‘स्टूकी बिल’ या शब्दभ्रमकाराच्या बाहुल्याचे डोके पडद्यावर छायाप्रकाशासह उमटले. बाहुलाच का, तर त्या दिव्यांची धग माणसाला सोसवत नसे. मग बेअर्ड यांनी खालच्या मजल्यावरील कचेरीतल्या विल्यम टेंटन या पोऱ्याला वर आणून यंत्रासमोर बसवले. २६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांनी हे यंत्र पाहिले. मे १९२७ मध्ये लंडनहून ग्लासगोला, म्हणजे ४३८ मैलांवर, टेलिफोनच्या तारेवरून त्यांनी चित्र पाठवले. त्याआधी सुमारे दीड महिना अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला पन्नास रेषांचे चित्र पाठवले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. पण त्यामागे एका बलाढ्य कंपनीचे अभियंते होते. बेअर्ड यांच्याकडे तेवढे बळ नव्हते.

या तीस रेषांमागे एक हिशेब होता. रेषा दुप्पट केल्या की चित्रातील बिंदू चौपट होतात आणि तारेवर किंवा ध्वनिलहरींच्या पट्ट्यात तेवढी जागा नसते. बेअर्ड यांची चौकट उभट होती, रेषाही उभ्या. एका चित्रात सुमारे २,१०० बिंदू. ‘क्यूसीआयएफ’मध्ये ते २५,३४४ भरतात. सेकंदाला साडेबारा चित्रे या वेगाने हा सारा ऐवज आवाजासाठी राखलेल्या मध्यमलहरींवर जेमतेम मावत असे. त्या पट्ट्यात पर्वत वा सैन्य दिसणे अशक्य, पण एक चेहरा दिसत होता. मर्यादा ओळखून विषय निवडणे ही बेअर्ड यांची खरी हुशारी होती, असे आम्हाला वाटते.

३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून त्यांचे कार्यक्रम सुरू झाले. प्रारंभी एकच प्रक्षेपक असल्याने आधी चित्र, मग आवाज असा क्रम असे. दोन्ही एकत्र आले ते मार्च १९३० मध्ये. निऑन दिव्याचे तांबूस, थरथरते चित्र हौशी मंडळी डोळे ताणून पाहत.

परंतु चेहऱ्यापुरती पुरेशी असलेली गोष्ट नाटकाला आणि खेळाला पुरेना. २ नोव्हेंबर १९३६ पासून अलेक्झांड्रा पॅलेसमधून बेअर्ड कंपनीची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची पद्धत आलटूनपालटून वापरली जाऊ लागली. ईएमआयचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा सहज हलवता येई. बेअर्ड कंपनीच्या एका पद्धतीत मात्र आधी फिल्मवर चित्रीकरण करून, ती मिनिटभरात धुऊन मग प्रक्षेपित करावी लागे. त्याच महिन्याच्या ३० तारखेला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत कंपनीच्या प्रयोगशाळेचा मोठा भाग भस्मसात झाला. १९३७ च्या आरंभी बीबीसीने ४०५ रेषांच्या बाजूने कौल दिला. कंपनीच्या कारभारावर तोवर बेअर्ड यांची पकड उरलेली नव्हती.

ते यंत्रयुगातच अडकले, असा शिक्का त्यांच्यावर बसला. तो अर्धाच खरा आहे. युद्धकाळात स्वखर्चाने काम करत त्यांनी १९४४ मध्ये ‘टेलिक्रोम’ ही रंगीत चित्राची इलेक्ट्रॉनिक नळी दाखवली. १४ जून १९४६ रोजी बेक्सहिल येथे, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तीस रेषांचा संकेत इतका अरुंद होता, की १९२७-२८ मध्ये बेअर्ड यांनी तो ग्रामोफोनच्या तबकड्यांवर कोरून ठेवला. त्यांतून समाधानकारक चित्र मिळवणे त्यांना अखेरपर्यंत जमले नाही. १९८० च्या दशकात डोनाल्ड मॅक्लीन या अभियंत्याने त्या तबकड्यांतील आवाज संगणकात भरला, चकवणारे दोष दूर केले आणि स्टूकी बिलचे डोके पुन्हा हलताना दिसले.