मनाच्या शांततेचा आलेख

डोळे मिटून निवांत बसलेल्या माणसाच्या मेंदूत त्या वेळी काय चाललेले असते, हा प्रश्न शतकानुशतके साधकांना आणि तत्त्वचिंतकांना पडत आला. त्याचे डोळ्यांना दिसेल असे पहिले उत्तर मिळाले ते जर्मनीतील येना या विद्यापीठाच्या गावी, हान्स बर्गर या मितभाषी मनोविकारतज्ज्ञाला. आज फेफऱ्याच्या रुग्णाची जी ‘ईईजी’ तपासणी केली जाते, ती मानवजातीला मिळालेली त्यांचीच देणगी. या शोधामागे तीन दशकांची चिकाटी आहे; पण त्यांच्या चरित्राला एक काळी बाजूही आहे आणि ती टाळून ते पूर्ण होत नाही.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी कोबुर्गजवळच्या नॉइसेस या खेड्यात झाला. वडील डॉक्टर. आई अ‍ॅना ही कवी आणि प्राच्यविद्या पंडित फ्रीड्रिश रुकर्ट यांची कन्या. रुकर्ट यांनी ‘नलोपाख्यान’ आणि ‘गीतगोविंद’ जर्मन भाषेत आणले होते. अशा घरात वाढलेल्या हान्स यांना ओढ होती ती ताऱ्यांची. खगोलशास्त्रज्ञ व्हायचे म्हणून त्यांनी विद्यापीठात नावही घातले. पण तेथे मन रमेना. एका सत्रानंतर शिक्षण सोडून ते वर्षभराच्या लष्करी सेवेत दाखल झाले.

तेथे घडलेल्या एका प्रसंगाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. वुर्त्सबुर्ग येथे कवायत सुरू असताना त्यांचा घोडा उधळला आणि ते तोफगाड्याच्या वाटेत फेकले गेले. गाडा अगदी ऐन वेळी थांबला. त्यांना खरचटलेही नाही. त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार आली, खुशाली विचारणारी. भावावर संकट आले आहे, असे दूर घरी असलेल्या बहिणीला एकाएकी तीव्रतेने वाटले होते आणि तिच्याच हट्टामुळे ती तार पाठवली गेली होती. आपली भीती बहिणीच्या मनापर्यंत पोहोचली, असे बर्गर यांनी अखेरपर्यंत मानले. विज्ञानाने याला योगायोगापलीकडे स्थान दिलेले नाही. पण विचार ही काही ऊर्जा असेल तर ती मोजता यायला हवी, या कल्पनेने तरुण बर्गर यांना झपाटले. ताऱ्यांचा नाद सोडून ते वैद्यकाकडे वळले.

१८९७ मध्ये डॉक्टर होऊन ते येनाच्या मनोरुग्णालयात ओटो बिन्सवांगर यांच्या हाताखाली रुजू झाले. तत्त्वज्ञ नीत्शे यांना १८८९ मध्ये ज्या रुग्णालयात दाखल केले होते, तेच हे रुग्णालय. बर्गर यांची संपूर्ण कारकीर्द तेथेच गेली. १९१९ मध्ये ते त्याचे प्रमुख झाले, पुढे विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांच्याकडे आले. दिवसभर वक्तशीर, शिस्तप्रिय, काहीसे रुक्ष अधिकारी आणि संध्याकाळी एकांतात प्रयोग करणारे संशोधक, अशी त्यांची दोन आयुष्ये समांतर चालत.

मेंदूतील रासायनिक ऊर्जेचा काही भाग उष्णतेत, काही विजेत आणि काही मानसिक ऊर्जेत रूपांतरित होत असावा, असा त्यांचा तर्क होता. कवटीचे हाड काढावे लागलेल्या रुग्णांत त्यांनी आधी मेंदूतील रक्ताचे स्पंदन मोजले, मग मेंदूचे तापमान मोजले. त्यावर १९१० मध्ये ग्रंथही लिहिला. मनाचा थांग त्यातून लागला नाही. उरली होती ती वीज. प्राण्यांच्या मेंदूत विद्युतप्रवाह असतात, हे इंग्लंडमधील रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच दाखवले होते. माणसाच्या बाबतीत मात्र कोणालाच यश आले नव्हते.

६ जुलै १९२४ रोजी शल्यविशारद निकोलाय गुलेके एका सतरा वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया करत असताना बर्गर यांच्या गॅल्व्हानोमीटरने अखेर ती सूक्ष्म हालचाल टिपली. या लहरींचा दाब व्होल्टच्या काही लाखांश भागांइतकाच असतो. त्यामुळे आनंदापाठोपाठ शंकाही आल्या. ही हृदयाची धडधड तर नसेल? रक्ताचे स्पंदन, स्नायूंची थरथर, की यंत्राचाच दोष? एकेक शंका फेडण्यात पाच वर्षे गेली. या काळात त्यांनी स्वतःच्या किशोरवयीन मुलाच्या डोक्याला विद्युताग्रे लावून अनेक आलेख घेतले. १९२९ मध्ये पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच शीर्षकाची मालिका पुढे १९३८ पर्यंत चालली.

त्या आलेखांनी जे सांगितले ते अनपेक्षित होते. माणूस जागा आहे, पण डोळे मिटून, काही न करता स्वस्थ बसला आहे, अशा वेळी मेंदूतून सेकंदाला सुमारे दहा या गतीने संथ, एकसारख्या लहरी उमटत. डोळे उघडले, आवाज झाला किंवा मनात गणित सोडवायला घेतले की त्या विरून जात आणि त्यांच्या जागी लहान, वेगवान लहरी येत. पहिल्या प्रकाराला त्यांनी ‘अल्फा’ म्हटले, दुसऱ्याला ‘बीटा’. स्वस्थ बसलेल्या माणसाचा मेंदू थांबलेला नसतो. त्या स्वस्थतेलाही स्वतःची एक लय असते. ज्याला आपण मनाची निश्चलता म्हणतो, तीही मेंदूची एक जिवंत अवस्था आहे, हे प्रथमच कागदावर उतरले.

जर्मन शास्त्रज्ञांनी या शोधाकडे जवळजवळ दुर्लक्षच केले. एवढ्या गुंतागुंतीच्या अवयवातून इतकी साधी लय निघेल, हे कोणाला पटेना. १९३४ मध्ये केंब्रिजचे नोबेलविजेते एडगर एड्रियन आणि त्यांचे सहकारी मॅथ्यूज यांनी प्रयोगाची पुनरावृत्ती करून बर्गर यांचे म्हणणे खरे ठरवले. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या डॉक्टरांनी फेफऱ्याच्या एका प्रकारात मेंदूतून सेकंदाला तीन या गतीच्या विशिष्ट लहरी उमटतात, असे दाखवले. भूतबाधा, दैवी कोप म्हणून ज्या आजाराचे चटके रुग्णांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्याचे कारण आता कागदावर दिसू लागले. १९३७ मध्ये पॅरिसच्या मानसशास्त्र परिषदेत बर्गर यांचा गौरव झाला.

पण याच वर्षांत जर्मनीत दुसरे काही घडत होते. १९३४ मध्ये नाझी राजवटीचा सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा अमलात आला. मनोरुग्ण, मतिमंद, अपस्मारग्रस्त अशा सुमारे चार लाख माणसांवर त्यापायी शस्त्रक्रिया लादल्या गेल्या. बर्गर यांना नाझींनी छळून पदावरून दूर केले, असे अनेक वर्षे लिहिले जात होते. अलीकडच्या संशोधनाने ते खोटे ठरवले. १९३८ मध्ये ते रीतसर निवृत्त झाले होते. एसएस संघटनेचे ते देणगीदार सदस्य होते आणि निर्बीजीकरणाचे निवाडे करणाऱ्या येनातील न्यायालयात त्यांनी काम केले होते. ज्या आजारांचे मूळ त्यांचे यंत्र शोधू पाहत होते, त्याच आजारांच्या माणसांविरुद्ध दिलेल्या निकालांत त्यांचा सहभाग होता. शोधाचे मोल याने कमी होत नाही आणि शोधाच्या मोलाने हा दोष झाकलाही जात नाही.

अखेरच्या वर्षांत शरीर खचले, नैराश्याने मनाचा ताबा घेतला. १ जून १९४१ रोजी येनाच्या रुग्णालयातच बर्गर यांनी आपले जीवन संपवले. दुःख मोजता येईल असे यंत्र त्यांना हवे होते. पण त्यांचे स्वतःचे नैराश्य त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते. आजही केवळ ईईजीवरून नैराश्याचे निदान होत नाही. त्यासाठी रुग्णाने बोलावे लागते आणि कोणीतरी ऐकावे लागते.

त्यांनी उघडलेली वाट मात्र पुढे चालत राहिली. १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी समाधी लावणाऱ्या योग्यांच्या मेंदूचे आलेख प्रसिद्ध केले. प्रखर प्रकाशाने आणि मोठ्या आवाजानेही समाधीतील अल्फा लहरी विस्कटल्या नव्हत्या. बर्गर यांच्या आलेखात मुलाने डोळे उघडताच जी लय मोडत असे, ती अभ्यासाने टिकवता येते, एवढे या प्रयोगाने सुचवले. ध्यानाने मनाचे क्लेश किती आणि कसे हलके होतात, याचा शोध आजही चालू आहे. त्या शोधातला पहिला आलेख येनातला आहे.