जॉन ट्युझो विल्सन : बेटांच्या माळेचा अर्थ लावणारा भूशास्त्रज्ञ

जालना जिल्ह्यात कोठेही विहीर खोदावयास घ्या. वरची काळी माती सरली की मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. अजिंठ्याच्या डोंगररांगांपासून गोदाकाठापर्यंत बहुतेक ठिकाणी हीच कथा. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थरावर थर गोठलेला लाव्हारस होय, हे आपण शालेय भूगोलात शिकतो. परंतु एवढा लाव्हा येथेच का आला आणि ज्या अग्नीने तो ओतला तो अग्नी पुढे कोठे गेला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्या प्रश्नाची किल्ली ज्यांच्यामुळे हाती आली, ते कॅनडाचे भूशास्त्रज्ञ जॉन ट्युझो विल्सन. विद्यार्थिमित्रहो, त्यांचे चरित्र कला शाखेतील आपणही वाचावे असे आहे. आयुष्याची पन्नाशी उलटल्यावर आपले जाहीर मत मागे घेण्याचे धैर्य त्यात आहे.

विल्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कॅनडाची राजधानी ओटावा येथे झाला. वडील मूळचे स्कॉटलंडचे. कॅनडातील नागरी विमानवाहतुकीची घडी बसविणाऱ्यांपैकी ते एक होते. आई हेन्रिएटा ट्युझो या निष्णात गिर्यारोहक. रॉकी पर्वतातील एका शिखरावर त्यांनी १९०६ मध्ये प्रथम पाऊल ठेवले आणि त्या शिखराला माउंट ट्युझो हे नाव मिळाले. मुलाने आईचे आडनाव आपल्या नावात वागविले आणि तिची डोंगरांची ओढही घेतली. १९३५ मध्ये अमेरिकेतील माउंट हेग हे शिखर प्रथम सर करण्याचा मान त्यांच्याकडे जातो.

टोरांटो विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकावयास गेले. पण उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत भूवैज्ञानिक पाहणीच्या तुकड्यांबरोबर रानोमाळ हिंडताना त्यांचे मन प्रयोगशाळेतून उडाले. दोन्ही विषयांचा मेळ घालून १९३० मध्ये ते भूभौतिकीचे पदवीधर झाले. पुढे केंब्रिजला शिक्षण घेऊन १९३६ मध्ये त्यांनी प्रिन्स्टनची डॉक्टरेट मिळविली. काही वर्षे कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि महायुद्धाच्या काळात सैन्याच्या अभियंता दलात काम करून १९४६ मध्ये ते टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी भूशास्त्रात एक मोठा वाद चालू होता. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडले होते की, खंड एकेकाळी एकत्र होते व पुढे ते एकमेकांपासून सरकले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हे मत उडवून लावले. विल्सनही त्यांतलेच. पृथ्वी थंड होत आकसते आणि त्या आकसण्यातून पर्वत उभे राहतात, असे ते हिरिरीने प्रतिपादन करीत. १९५७ ते १९६० या काळात भूगणित व भूभौतिकीच्या आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. म्हणजे ज्या मताची त्यांनी पाठराखण केली, त्यावर त्यांची प्रतिष्ठाही उभी होती.

पण सागरतळाच्या पाहणीतून नवी माहिती येऊ लागली. महासागरांच्या मधोमध पर्वतरांगा आहेत आणि तेथे सागरतळ दुभंगून दोहो बाजूंना सरकत असावा, असे दिसू लागले. १९६० च्या सुमारास विल्सन यांनी आपले जुने मत सोडून दिले. एवढेच करून ते थांबले नाहीत. खंडवहनाचे पुरावे ते स्वतःच शोधू लागले.

त्यांची दृष्टी पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडे वळली. ही बेटे एका ओळीत आहेत. आग्नेय टोकाच्या हवाई बेटावर ज्वालामुखी जागे आहेत. वायव्येस जावे तशी बेटे अधिकाधिक झिजलेली, आणि पुढे तर पाण्याखाली बुडालेली. तेथील लोककथेत अग्निदेवता पेले काउआई बेटापासून एकेक बेट सोडीत किलाउएआ ज्वालामुखीपर्यंत आली असे सांगतात. खडकांचे वय काढले तेव्हाही तोच क्रम निघाला : काउआई सुमारे ५० लाख वर्षांचे, तर हवाई बेट १० लाख वर्षांहूनही तरुण.

विल्सन यांनी याचा उलगडा साध्या रीतीने केला. पृथ्वीच्या कवचाखाली प्रावरण आहे. त्यात खोलवर एखादे ठिकाण सतत तप्त राहते व तेथून शिलारस वर येतो. वरचा सागरतळ मात्र सरकत असतो. शिलाई यंत्राची सुई एकाच जागी खालीवर होते, कापड पुढे सरकते आणि टाक्यांची ओळ उमटते, तसाच हा प्रकार. ज्वालामुखी तयार होतो, तळाबरोबर सरकून मुळापासून तुटतो व विझतो. त्याच्यामागे नवा उभा राहतो. विझलेले बेट झिजते आणि हळूहळू खचत पाण्याखाली जाते.

हा लेख एका नामवंत नियतकालिकाने परत पाठविला. त्यात नवी मोजमापे नाहीत, गणित नाही आणि तो प्रचलित मतांशी जुळत नाही, हे आक्षेप होते. अखेर १९६३ मध्ये तो कॅनडातील भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला गेला, जे भूशास्त्रज्ञ क्वचितच चाळीत. परंतु विल्सन डगमगले नाहीत. १९६५ मध्ये त्यांनी सागरतळावरील एका नव्या प्रकारच्या विभंगांची कल्पना मांडली आणि १९६६ मध्ये अटलांटिक महासागर पूर्वी एकदा मिटून पुन्हा उघडला असावा, असा विचार पुढे ठेवला. भूपट्टांच्या आजच्या सिद्धान्ताचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते ते यामुळे.

आता आपल्या काळ्या पाषाणाकडे वळू. १९७१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेसन मॉर्गन यांनी विल्सन यांची कल्पना विस्तारून जगातील अनेक तप्तस्थळांना लागू केली. दख्खनचा लाव्हा आणि हिंदी महासागरातील रियुनियन बेट यांचा संबंध त्यातूनच उलगडत गेला. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे वेगाने सरकत असताना आपली भूमी त्या तप्तस्थळावरून गेली. मागे उरली ती लक्षद्वीप, मालदीव व छागोस यांच्या खालची लांब सागरी रांग. पुढे महासागराच्या मध्यावरील दुभंगरेषाच त्या तप्तस्थळावरून सरकली, म्हणून मॉरिशस व रियुनियन ही नंतरची बेटे आफ्रिकेच्या बाजूच्या भूपट्टावर पडली. १९८७ मध्ये महासागरात वेधन करून नमुने काढण्यात आले, तेव्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे खडकांचे वय कमी होत जाते हे दिसून आले. ज्या मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज नांदत आहेत, त्या बेटाचा काळा दगड आणि जालन्याच्या विहिरीतील काळा दगड एकाच भट्टीचे मानले जातात. रियुनियनवर, येथून सुमारे पाच हजार किलोमीटरवर, ती भट्टी अजून धगधगते आहे.

विल्सन यांच्या कल्पनेतही पुढे सुधारणा झाल्या. तप्तस्थळे अगदी अचल नसून तीही थोडीफार सरकतात, हे आता ठाऊक झाले आहे. त्यांची मुळे किती खोल आहेत, यावर आजही वाद होतात. शास्त्राची रीतच अशी आहे.

उत्तरायुष्यात विल्सन एरिंडेल महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९७४ ते १९८५ या काळात त्यांनी ओंटारिओ विज्ञान केंद्राची धुरा वाहिली व तेथे मुलांना विज्ञान हाताळून शिकता यावे यावर भर दिला. १५ एप्रिल १९९३ रोजी टोरांटो येथे त्यांचे निधन झाले.

मोठेपणा मिळाल्यावर माणसाला आपले मत आपल्या अब्रूइतके प्रिय होते. विल्सन यांनी पन्नाशीनंतर ते मत खाली ठेवले आणि त्यांच्या नावाशी आज जोडले जाणारे बहुतेक सारे काम त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत झाले. परीक्षेच्या पुस्तकात हे छापलेले नसते. पण लक्षात ठेवावे असे त्यांच्या चरित्रात हेच आहे.