डेटाला पत्ता देणारा लून

क्लाउडवरच्या डेटाबेसमधून एखादी नोंद वाचायची किंवा उडवायची, तर कोड आधी तिची ‘की’ मागतो. असं का, याचं उत्तर शोधत गेलं की आपण पोचतो कापडाचे धागे मोजणाऱ्या एका जर्मन माणसापर्यंत. त्याचं नाव हान्स पीटर लून.

समजा, तुमच्या कॉलेजच्या फेस्टची ऑनलाइन नोंदणी सुरू आहे. 5 हजार मुलामुलींची माहिती एका नोएसक्यूएल डेटाबेसमध्ये जमा झालीय. उदाहरणादाखल ॲमेझॉनचा डायनॅमोडीबी घेऊ. एका मुलीला आपली नोंद बघायचीय, तर एका मुलाला आपलं नाव काढून टाकायचंय. कोड लिहायला बसलात की पहिल्या कामाला गेट आयटम आणि दुसऱ्याला डिलीट आयटम अशी दोन फंक्शन्स मिळतात. दोन्ही फंक्शन्स एकच गोष्ट मागतात, त्या नोंदीची प्रायमरी की. ‘तो उंच मुलगा, कॉमर्सचा’ असलं वर्णन इथे चालत नाही. नेमकी चावी द्यावी लागते. ती दिलीत, तर टेबलात 5 हजार नोंदी असोत किंवा 5 कोटी, उत्तर काही मिलिसेकंदांत हातात येतं.

एवढ्या गर्दीतून मशीन थेट त्याच नोंदीपाशी कसं जातं? त्यामागची कल्पना जानेवारी 1953 मध्ये आयबीएम कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात पहिल्यांदा मांडली गेली, असं मानतात. ते टिपण लूनने लिहिलं होतं. तेव्हा तो 56 वर्षांचा होता आणि कॉम्प्युटर हा काही त्याचा मूळ विषय नव्हता.

छपाई, युद्ध आणि कापड

लूनचा जन्म 1 जुलै 1896 चा, जर्मनीतल्या बार्मेन गावचा. वडील छपाईच्या धंद्यात होते. मुलानेही तोच धंदा शिकावा म्हणून त्याला स्वित्झर्लंडला पाठवण्यात आलं. पण मध्येच पहिलं महायुद्ध आलं आणि आज आपण कॉलेजात असतो त्या वयात लून जर्मन सैन्यात संदेशवहनाचं काम करत होता. युद्ध संपल्यावर त्याने पुन्हा शिक्षणाकडे मोर्चा वळवला. तंत्रज्ञान, भौतिकशास्त्र आणि त्याच्या जोडीला चक्क हिशेबनीस होण्याचे धडेही घेतले.

1924 मध्ये कापड व्यवसायाच्या निमित्ताने तो अमेरिकेत आला आणि तिथलाच झाला. कापडाच्या दुनियेत एक किचकट काम असतं, एका इंचात किती धागे आहेत ते मोजणं. भिंग लावून धागा धागा मोजत बसायचं म्हणजे डोळ्यांची वाट लागते. लूनने यासाठी एक पट्टी बनवली. कापडावर ठेवली की तिच्यावरच्या रेषा आणि कापडाचे धागे मिळून एक नक्षी उमटते, आणि तिच्यावरून धाग्यांचा आकडा थेट वाचता येतो. ही लुनोमीटर. मोजत बसायचं नाही, बघायचं आणि वाचायचं.

पुढचं सगळं आयुष्य या माणसाने जणू हाच एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सोडवला. एकेक करून सगळं चाळत बसण्याऐवजी थेट हव्या त्या जागी कसं पोचायचं?

त्याच्या नावावर 80 हून जास्त पेटंट्स जमा झाली. त्यात घडीचा रेनकोट आहे, खेळाचं टेबल आहे. घरात जी सामग्री आहे तिच्यातून कोणकोणती कॉकटेल्स बनतील ते दाखवणारं एक साधनही आहे! हसू येईल, पण नीट बघा. हातातली माहिती द्या आणि जुळणारी उत्तरं मिळवा. आपण आज याला क्वेरी म्हणतो.

कप्प्यांची युक्ती

1941 मध्ये लून आयबीएममध्ये संशोधन अभियंता म्हणून रुजू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत वैज्ञानिक लेखांचा आणि रासायनिक संयुगांच्या माहितीचा अक्षरशः पूर आला होता. साठवायला जागा होती, पण हवं ते सापडत नव्हतं. रसायनशास्त्रातल्या मंडळींनी हे दुखणं आयबीएमपुढे मांडलं आणि ते लूनकडे आलं. त्यातून पंचकार्ड तपासून हवी ती नोंद हुडकणारं एक यंत्र तयार झालं. त्याला पुढे लून स्कॅनर म्हटलं गेलं. तरी अडचण उरलीच. यंत्र कितीही वेगाने कार्ड वाचू दे, वाचायचं सगळंच होतं. नोंदी दुप्पट झाल्या की वेळही दुप्पट.

1953 च्या टिपणात लूनने हा गुंता वेगळ्याच टोकाने सोडवला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की नोंद शोधायची कशी याचा विचार ती ठेवतानाच करा. नोंदीच्या नंबरावर थोडं गणित करा आणि जे उत्तर येईल त्या नंबरच्या कप्प्यात ती टाका. शोधताना तेच गणित पुन्हा करा. तोच कप्पा मिळेल.

लूनच्या धर्तीवरचं गणित आपल्या नोंदणी क्रमांकावर करून बघू. समजा क्रमांक आहे 2024015736. त्याच्या जोड्या पाडा: 20, 24, 01, 57, 36. प्रत्येक जोडीतल्या अंकांची बेरीज करा: 2, 6, 1, 12, 9. बेरीज दोन अंकी आली तर फक्त एककाचा अंक ठेवा, म्हणजे 12 चा झाला 2. कप्पा क्रमांक तयार: 26129. आता बाकीच्या हजारो कप्प्यांकडे बघायचीसुद्धा गरज नाही.

दोन वेगळ्या क्रमांकांचं उत्तर एकच आलं तर? तेही होतंच. मग एका कप्प्यात दोनचार नोंदी राहतील. त्या एकमेकींना जोडून ठेवायच्या आणि तेवढ्याच तपासायच्या. चार नोंदी चाळणं आणि चार लाख चाळणं यात फरक आहेच ना!

या युक्तीला आज हॅशिंग म्हणतात. आयबीएममधल्याच दुसऱ्या काही जणांनी त्याच सुमारास वेगळ्या वाटेने हॅशिंग केलं. सोव्हिएत रशियात आंद्रेई येर्शोव्ह यांनाही 1957 मध्ये स्वतंत्रपणे अशीच युक्ती सुचली. लूनचं टिपण मात्र कंपनीच्या आतच राहिलं. पुढे 1973 मध्ये डोनाल्ड नुथ यांनी आपल्या प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथात या कल्पनेचं मूळ लूनच्या टिपणाशी नेऊन ठेवलं. ते वाचायला लून हयात नव्हता.

नंबरच चुकला तर?

थेट कप्प्यात जाण्यात एक धोकाही असतो. क्रमांकातला एक अंक जरी चुकला, तरी मशीन तितक्याच वेगाने चुकीच्या कप्प्यात जाणार. आणि माणूस अंक चुकवतोच. 26 चं 62 तर आपण रोज करतो.

यावरही लूनने उपाय काढला. जानेवारी 1954 मध्ये त्याने हातात मावेल अशा एका यांत्रिक साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते पेटंट त्याला ऑगस्ट 1960 मध्ये मिळालं. साधनाचं काम एकच, क्रमांक बरोबर लिहिलाय की नाही ते सांगणं. त्यासाठी प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी एक जादा अंक जोडायचा.

2613 हा क्रमांक घ्या. उजवीकडून सुरुवात करून एक सोडून एक अंक दुप्पट करा. 3 चे 6, 1 तसाच, 6 चे 12 म्हणजे 1 अधिक 2 बरोबर 3, आणि 2 तसाच. बेरीज 12. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे 20 ला, 8 कमी पडतात. म्हणून पूर्ण क्रमांक झाला 26138. आता कुणी घाईत 62138 टाइप केलं, तर बेरीज 25 येते. दहाने भाग जात नाही. पकडला!

एखादा अंक चुकला तर हे गणित तो हमखास पकडतं. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी, 09 आणि 90 ही जोडी सोडली, तर ओळखतं. तुमच्या डेबिट कार्डाचा शेवटचा अंक याच सूत्राने ठरतो. मोबाइलवर *#06# दाबल्यावर जो 15 अंकी आयएमईआय दिसतो, त्याचा शेवटचा अंकही. आधारचा शेवटचा अंक हेच राखणदारीचं काम करतो, फक्त तिथे व्हेरहूफ नावाची दुसरी पद्धत वापरली आहे.

शेवटची वर्षं

साठीत पोचलेला लून थांबायला तयार नव्हता. 1958 मध्ये त्याने लेखाचा सारांश मशीनकडून काढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लेखात कोणते शब्द वारंवार येतात ते मोजायचं आणि असे शब्द जिथे दाटीने आलेत ती वाक्यं उचलायची. त्याच वर्षी त्याने शोधनिबंधांच्या शीर्षकांतला प्रत्येक महत्त्वाचा शब्द वर्णक्रमाने लावून सूची बनवण्याची पद्धत मांडली. त्यामुळे शीर्षकाचा पहिला शब्द आठवत नसला तरी मधल्या शब्दावरून निबंध सापडू लागला. रसायनशास्त्राच्या नियतकालिकांनी ही पद्धत लगेच उचलली.

1961 मध्ये तो आयबीएममधून निवृत्त झाला आणि 19 ऑगस्ट 1964 ला रक्ताच्या कर्करोगाने गेला. इंटरनेट तर सोडाच, रिलेशनल डेटाबेससुद्धा तेव्हा जन्माला यायचा होता.

लून गेला, कप्पे राहिले

आता परत फेस्टच्या टेबलाकडे येऊ. 2007 मध्ये ॲमेझॉनच्या इंजिनिअर्सनी डायनॅमो या आपल्या अंतर्गत प्रणालीवर शोधनिबंध लिहिला आणि 2012 मध्ये डायनॅमोडीबी ही सेवा सगळ्यांना खुली झाली. त्यात तुम्ही दिलेली पार्टिशन की एका हॅश फंक्शनमधून जाते आणि ती नोंद कोणत्या पार्टिशनमध्ये आहे ते ठरतं. गणित लूनच्या जोड्यांपेक्षा खूपच पुढचं आहे, पण बीज तेच. फक्त कप्पा आता कपाटात नसून शेकडो मशीन्सपैकी कुठल्यातरी एकावर असतो.

म्हणूनच चावीशिवाय शोध महाग पडतो. नावाने शोधायचं म्हणून स्कॅन चालवलंत, तर मशीन सगळं टेबल वाचत सुटतं आणि बिल लागतं वाचलेल्या सगळ्या डेटाचं, मग हाती एकच नोंद का लागेना. 1940 च्या दशकातल्या पंचकार्डांचीच ही गत. टेबल बनवतानाच विचार करा, की आपण यातून काय आणि कशाच्या आधारे शोधणार आहोत. नावाने शोधायचं नक्की असेल तर त्यासाठी वेगळा इंडेक्स लावता येतो.

वाचण्यात आणखी एक बारकावा आहे. नोंदीच्या प्रती एकाहून जास्त ठिकाणी असतात. त्यामुळे साधं गेट आयटम कधीकधी क्षणभर जुनी प्रत दाखवू शकतं. ताजीच हवी असेल तर तसं कोडमध्ये सांगावं लागतं आणि त्याला दुप्पट रीड युनिट्स लागतात.

पण खरी कसोटी डिलीटची. वाचताना चावी चुकली तर फार तर रिकामे हात परत याल. उडवताना चावी चुकली आणि ती दुसऱ्या कुणाची निघाली, तर त्याचं नाव गेलं. इथे रीसायकल बिन नाही, ‘नक्की ना?’ असं विचारणारी खिडकीही नाही. ठरावीक काळापर्यंत मागे जाण्याची सोय आहे, पण ती आधी सुरू करून ठेवलेली असेल तरच. आणि ती चावी कुणाचीच नसली तर? डिलीट आयटम मुकाट्याने यश कळवतं. तुम्हाला वाटतं काम झालं, आणि ज्याला नाव काढायचं होतं त्याचं नाव यादीत तसंच.

यावर मार्ग सोपे आहेत. नोंद अस्तित्वात असेल तरच उडव, आणि ती याच माणसाची असेल तरच उडव, अशी अट डिलीट आयटमला जोडता येते. अट जुळली नाही तर ते चूक दाखवून थांबतं. उडवलेली नोंद परत मागता येते, म्हणजे नेमकं काय गेलं ते लिहून ठेवता येईल. आणि क्रमांक माणसांनी टाइप करायचे असतील, तर शेवटी एक तपास-अंक जोडा. तो आधी तपासला, तर चुकलेले बहुतेक क्रमांक डेटाबेसपर्यंत पोचणारच नाहीत.

हॅशिंग डेटाबेसच्या वर्गात शिकवतात, तपास-अंक कार्डांच्या धड्यात. त्यामुळे ही दोन्ही कामं एकाच माणसाची आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. टिपण आणि पेटंटचा अर्ज यांत जेमतेम वर्षभराचं अंतर आहे. पहिल्याने मशीनला सुसाट धावायला शिकवलं, दुसऱ्याने धावण्याआधी पत्ता तपासायला. पुढच्या वेळी कुणाची नोंद उडवणारी ओळ लिहाल, तेव्हा त्यातलं पहिलं काम डेटाबेस आपोआप करेल. दुसरं आपल्यालाच करायचंय.