विनोबांची तुरुंगातली वर्षे

आपल्यापैकी अनेकांच्या घरी देवघरात किंवा आजीच्या उशाशी गीताईची छोटीशी प्रत असते. बडोद्यातल्या मराठी घरांत तर ती असायलाच हवी, कारण तिचे मूळ याच गावातल्या एका स्वयंपाकघरात आहे. पण ही गीताई १९३२ साली पहिल्यांदा छापली जात होती तेव्हा तिचा कर्ता धुळ्याच्या तुरुंगात कैदी होता, हे आपल्या मुलांना आपण सहसा सांगत नाही. या लेखात विनोबा भाव्यांच्या आयुष्याचा हाच भाग आम्ही मांडत आहोत. त्यांचे भूदान, त्यांची पदयात्रा सर्वांना ठाऊक आहे. त्या माणसाची घडण किती तरी अंशी गजांआड झाली, हे मात्र तितके ठाऊक नाही.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या गागोदे या खेड्यात झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यात होते, म्हणून लहानपणीच कुटुंब इकडे आले. विन्याची शाळा इथली, कॉलेज इथले, आणि पुस्तकांची भूक भागवणारे सयाजीरावांचे मोठे ग्रंथालयही इथलेच. मुलगा हुशार, गणितात तेज, पण एकलकोंडा. मैलोन्‌मैल पायी हिंडायचे आणि वाचायचे, एवढेच त्याला ठाऊक.

आई रखुमाई फारशी शिकलेली नव्हती. तिला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते आणि हाती आलेले मराठी समश्लोकी भाषांतर तिला जड वाटले. तेव्हा तिने मुलालाच सांगितले की सोपी मराठी गीता तू का करत नाहीस. ही गोष्ट विन्याच्या मनात राहिली. १९१६ साली त्याने शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे आईच्या देखत चुलीत घातली. इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाला, तो सुरतेला गाडी बदलून काशीला गेला आणि तिथून काही महिन्यांत गांधीजींच्या आश्रमात. दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, आई गेली. तिची गीता तेव्हा लिहून झालेली नव्हती. ती १९३० च्या ऑक्टोबरात वर्ध्याला सुरू झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुरी झाली.

तुरुंगाशी पहिली ओळख १९२३ सालची. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात विनोबांना पकडले आणि उनाड, भटक्या लोकांना लावायचे कलम लावून सक्तमजुरी दिली. बडोदा कॉलेजात गणितात रमणारा हा तरुण नागपुरात खडी फोडू लागला. पुढे त्यांना अकोल्याच्या तुरुंगात हलवले.

एका तुरुंगवासात त्यांना एकांतकोठडी मिळाली. आठ-नऊ फुटांची खोली. एका कोपऱ्यात जाते, दुसऱ्या कोपऱ्यात लघवीचे मडके. पुस्तक नाही, कागद-पेन्सिल नाही, बोलायला माणूस नाही. अशा ठिकाणी धडधाकट माणसाचेही डोके फिरते. विनोबांनी पहिल्याच दिवशी वेळापत्रक आखले: दहा तास झोप, दोन-तीन तास ध्यान, तीनेक तास जेवणखाण आणि आंघोळ, आणि आठ तास चालणे. त्या एवढ्याशा खोलीत येरझारा घालत, पाठ असलेली पदे म्हणत, ते दिवसाला दहा मैल चालत. एकदा मध्यरात्रीनंतर गस्तीवरच्या वॉर्डरने त्यांना असे चालताना पाहिले. हाका मारूनही उत्तर येईना, तेव्हा त्याला काळजी वाटली आणि आत येऊन त्याने त्यांना हलवून भानावर आणले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना थोडा वेळ मोकळ्या जागेत फिरायची परवानगी मिळाली.

हा प्रसंग सांगताना आम्हाला चमत्काराची कथा सांगायची नाही. त्यात काही केल्याचा मोठेपणाही नाही. मुद्दा साधा आहे. चोवीस तासांवरचा आपला हक्क तुरुंगाने काढून घेतला होता, आणि विनोबांनी तो वेळापत्रकाच्या रूपाने परत घेतला.

१९३२ मध्ये ते धुळ्याला आले. तिथे सत्याग्रही कैद्यांची गर्दी होती. तुरुंगातले काम टाळायचे, अधिकाऱ्यांशी हुज्जत घालायची, असे वारे तरुण कैद्यांत होते. विनोबांनी उलटा मार्ग धरला. दळणाचे काम अंगावर घेतले, कष्टाशिवाय भाकरी खायची नाही असे ठरवले, आणि बघता बघता इतरही जात्याला बसू लागले. पुढे तुरुंगातली शिस्त कैदीच सांभाळू लागले.

मग कैद्यांनी गीतेवर बोलण्याचा आग्रह धरला. २१ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी पहिले प्रवचन झाले आणि दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे १९ जूनला अठरावे. ऐकायला जमनालाल बजाज, गुलझारीलाल नंदा अशी मंडळी होती. साने गुरुजी समोर बसून शब्दन्‌शब्द उतरवून घेत होते. त्यांच्या त्या लिखाणातूनच गीता-प्रवचने हे पुस्तक झाले आणि भारतातल्या बहुतेक भाषांत गेले. पुढच्याच वर्षी साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई लिहिले. आपल्या आजच्या घरांतली दोन लाडकी पुस्तके अशी वर्षभराच्या अंतराने दोन तुरुंगांतून आली.

आमच्या मते धुळ्यात विनोबांमध्येच एक फरक पडला. बडोद्याचा एकलकोंडा विद्यार्थी आणि आश्रमातला अबोल साधक इथे पहिल्यांदा मिश्र श्रोत्यांशी बोलायला शिकला. शेतकरी, व्यापारी, शिक्षक असे सगळे समोर बसलेले. त्यांना कळेल असे बोलायचे, तर शास्त्रार्थ बाजूला ठेवून घरातली उदाहरणे द्यावी लागतात. प्रवचनांत आई पुन्हा पुन्हा येते ती त्यामुळेच. पुढे तेरा वर्षे गावोगाव पायी हिंडून जमीन मागणारा माणूस या रविवारांत तयार झाला.

१९४० साली गांधीजींनी त्यांना पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडले आणि पुन्हा तुरुंगवाऱ्या सुरू झाल्या. १९४२ च्या अटकेनंतर त्यांना दूर वेल्लोरला नेले. तिथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकदमच हाती घेतला. तेव्हा वय सत्तेचाळीसच्या पुढे होते. नंतर सिवनीच्या तुरुंगात त्यांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्याने दिली. १९४५ मध्ये ते सुटले.

यावर कुणी म्हणेल, हे राजबंदी होते; बाहेर लोक त्यांना हार घालायला उभे होते; खून-दरोड्याच्या कैद्याशी त्यांची तुलना कशी करायची? हा प्रश्न रास्त आहे. पण विनोबांच्याच आयुष्यात तो पुढे उभा राहिला, आणि तोही ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींना परिचित असलेल्या चंबळच्या खोऱ्यात.

नामांकित बागी मानसिंग याचा मुलगा तहसीलदार सिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना भेटण्याची इच्छा कळवली. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथ सिंग यांना त्याच्याकडे पाठवले. त्यातून धागा जुळला आणि १९६० च्या मे महिन्यात विनोबा भिंड-मुरैना भागात पायी फिरले. त्या फेरीत वीस बागींनी बंदुका त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांत लुक्का म्हणून ओळखला जाणारा लोकमन दीक्षितही होता.

विनोबांनी त्यांना सुटकेचे आश्वासन दिले नाही. खटले चालतील, शिक्षा होईल ती भोगावी लागेल, असे आधीच स्पष्ट केले. बायकामुलांची काळजी घेण्याचा प्रयत्न करू, एवढेच सांगितले. पोलीस खात्यातल्या वरिष्ठांनी या सगळ्यावर कडक टीका केली. गुन्हेगारांना संतपण बहाल होते, असा त्यांचा आक्षेप होता, आणि ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्या बाजूने पाहिले तर तो पोकळ नव्हता.

पुढे कुणी निर्दोष सुटले, कुणाला लांब शिक्षा झाली. तहसीलदार सिंगची फाशी जन्मठेपेत बदलली. शिक्षा भोगून बाहेर आल्यावर तो आणि लोकमन यांनी १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांना मोठ्या आत्मसमर्पणाच्या कामी मदत केली. जौऱ्याला त्या वेळी ज्यांनी शस्त्रे टाकली, त्यांच्यापैकी अनेकांसाठी मुंगावलीला खुला तुरुंग उभा राहिला. तिथे कैदी शेती करत. एकेकाळी लोकांना पळवून नेणारी माणसे आता दुसऱ्यांना बंदूक टाकायला सांगत फिरली.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला विनोबा गेले. आपल्या समाजात कुणाच्या घरचा माणूस आत गेला की आपण त्या घराशी बोलणे कमी करतो. त्याचे नाव टाळतो, मुलांना तिकडे पाठवत नाही. विनोबांनी स्वतः जाते ओढले होते, कोठडीत येरझारा घातल्या होत्या. तुरुंगातल्या वर्षांचा हिशेब माणूस कसा मांडतो यावर पुढचे ठरते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. म्हणून ते बागींना शिक्षा चुकवायला सांगत नव्हते आणि त्यांच्या घरांकडे पाठही फिरवत नव्हते. गीताई उघडताना एवढे आठवले, तरी आईने बडोद्यात सांगितलेल्या त्या कामाचा अर्थ आपल्याला थोडा अधिक कळेल.