विश्लेषण : गिटारवरचा एक तुकडा गिटारलाच कसा खातो? जॉन डी’अँजेलिको यांच्या वाद्यांची गोष्ट

न्यू यॉर्कमधील एका लहानशा दुकानात जॉन डी’अँजेलिको यांनी बत्तीस वर्षांत हजाराहून अधिक गिटारी हाताने घडवल्या. आज त्या संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे जपून ठेवलेल्या आहेत. मात्र, त्या जपायच्या तर त्यांच्यावरचा एक मूळ भाग अनेकदा काढून बाजूला ठेवावा लागतो आणि तसाच नवा हाताने करून बसवावा लागतो. तो भाग म्हणजे पिकगार्ड. वाद्याच्या रक्षणासाठी बसवलेला हा तुकडा वाद्याच्या मुळावर का आला, याविषयी…

कोण होते जॉन डी’अँजेलिको?

डी’अँजेलिको यांचा जन्म १९०५ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन भागात, इटलीहून आलेल्या स्थलांतरितांच्या कुटुंबात झाला. नवव्या वर्षी ते नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांच्या, राफाएल चियानी यांच्या कारखान्यात शिकायला बसले. तिथे व्हायोलिन, मेंडोलिन आणि गिटारी तयार होत. लाकूड निवडणे, तासणे, ठोकून त्याचा आवाज ऐकणे हे सारे ते तिथेच शिकले. १९३२ मध्ये, जागतिक मंदी ऐन भरात असताना, त्यांनी ४०, केनमेर स्ट्रीट या पत्त्यावर स्वतःचे दुकान थाटले. व्हिन्सेंट डीसेरिओ हे त्यांचे सुरुवातीपासूनचे मदतनीस. दुकानात कारखान्यासारखी यंत्रांची रांग नव्हती. गिऱ्हाईक यायचे, आपली गरज सांगायचे आणि त्याच्यासाठी वाद्य घडायचे.

आर्चटॉप गिटार म्हणजे काय?

साध्या गिटारची वरची फळी सपाट असते. आर्चटॉपची फळी व्हायोलिनसारखी मधोमध फुगीर असते. स्प्रूसचे जाड लाकूड आतून-बाहेरून कोरून तिला हा आकार देतात. पाठ आणि बाजू सहसा मेपलच्या. मध्ये गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारख्या दोन वळणदार खाचा असतात. गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकात आणलेल्या ‘एल-५’ने हे रूप पक्के केले आणि डी’अँजेलिको यांच्या सुरुवातीच्या गिटारी तिच्याच धर्तीवर होत्या. त्या काळी मोठ्या जॅझ वाद्यवृंदांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गदारोळात गिटारवादकाला आपला ठेका ऐकवायचा असे, तोही विजेच्या मदतीशिवाय. त्यामुळे फळी किती पातळ ठेवायची, कुठे किती कोरायची, यावर वादकाची रोजीरोटी अवलंबून होती.

मग पिकगार्ड कशासाठी?

सतारीला जशी नखी, तशी गिटारला पिक. जोरात ठेका धरताना हा पिक तारांखालच्या लाकडावर आपटतो आणि पॉलिश खरवडून निघते. ते टाळण्यासाठी तारांच्या खालच्या बाजूला बसवलेली पातळ पट्टी म्हणजे पिकगार्ड. सपाट गिटारवर ती थेट चिकटवतात. आर्चटॉपवर तसे करून चालत नाही. एक तर घोडी उंच असल्याने तारा फळीपासून बऱ्याच वर असतात; दुसरे म्हणजे चिकटवलेल्या पट्टीने फळीचे कंपन दबते. त्यामुळे इथे पिकगार्ड अधांतरी असतो. एक टोक मानेजवळ स्क्रूने, तर दुसरी बाजू कडेला धातूच्या लहान आधारावर बसवलेली. फळीचे रक्षण करायचे, पण तिला स्पर्श करायचा नाही, असे हे काम. वाजवताना बोटे टेकवायलाही त्याचा उपयोग होतो.

डी’अँजेलिको यांनी त्यात वेगळे काय केले?

त्यांची दोन मॉडेल विशेष गाजली. १७ इंच रुंदीचे ‘एक्सेल’ आणि १८ इंचांचे ‘न्यू यॉर्कर’. १९३० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये गगनचुंबी इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांचे टप्प्याटप्प्याने वर जाणारे आकार डी’अँजेलिको यांनी गिटारवर आणले. ‘न्यू यॉर्कर’च्या माथ्यावर शिंपल्यात जडवलेली इमारत, तारा अडकवण्याच्या धातूच्या भागाला पायऱ्या आणि पिकगार्डच्या कडेलाही तशाच पायऱ्या. पिकगार्ड कासवाच्या कवचासारख्या दिसणाऱ्या तपकिरी सेल्युलॉइडचा असे आणि त्याला पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची किनार लावलेली असे. प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात ही किनार कापून, जुळवून चिकटवावी लागे. संरक्षणासाठी असलेली पट्टी त्यांनी अशी वाद्याच्या चेहऱ्याचा भाग केली.

वीज आल्यावर काय झाले?

चेट ॲटकिन्स, जॉनी स्मिथ यांच्यासारख्या वादकांनी डी’अँजेलिको यांच्या गिटारी वाजवल्या. दरम्यान, विजेवर आवाज मोठा करणारे पिकअप रुळले. ते बसवायला कोरीव फळीला भोक पाडणे अनेकांच्या जिवावर येई. ॲटकिन्स यांनी मात्र आपल्या ‘एक्सेल’ला पिकअप बसवून घेतले. ज्यांना फळी कापायची नव्हती, त्यांच्यासाठी तारांखाली अधांतरी राहणारे पिकअप निघाले आणि त्यांची बटणे पिकगार्डवर बसू लागली. म्हणजे लाकूड वाचवण्याची आणखी एक जबाबदारी त्या पातळ पट्टीवर आली.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९५२ मध्ये जेम्स ऊर्फ जिमी डी’अक्विस्टो हा किशोरवयीन मुलगा दुकानात उमेदवारीला आला. १९५९ मध्ये दुकानाची इमारत धोकादायक ठरली आणि डी’अँजेलिको यांना ती जागा सोडावी लागली. त्याच सुमारास जुने सहकारी डीसेरिओ यांनीही काम सोडले. हृदयविकाराने प्रकृती ढासळली होती. काही काळ काम बंद पडले, मग त्याच रस्त्यावर दुसऱ्या जागेत जिमीच्या साथीने पुन्हा सुरू झाले. १ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर क्रमांक असलेल्या १,१६४ गिटारी आहेत. त्यातल्या शेवटच्या दहा डी’अक्विस्टो यांनी पूर्ण केल्या.

अडचण कुठे आली?

ती दिसायला काही दशके जावी लागली. सेल्युलॉइड म्हणजे कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळलेले प्लास्टिक. वर्षे सरतात तसा कापूर उडून जातो, पट्टी आक्रसते, वाकते, तिला चिरा पडतात. त्याचबरोबर तिच्यातून नायट्रोजनची ऑक्साइड बाहेर पडतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल तयार होते. बंद पेटीत ते कोंडून राहते. मग सोन्याचा मुलामा उडतो, धातूवर हिरवट थर चढतो, तारा गंजतात, पॉलिश मऊ पडते आणि लाकडावर डाग उमटतात. एकदा सुरू झालेली ही झीज थांबवता येत नाही.

हेच रसायन मराठी माणसाच्याही परिचयाचे आहे. जुन्या चित्रपटांच्या फिल्मचा आधार याच जातीचा होता. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत ‘प्रभात’च्या चित्रपटांसह अनेक जुन्या मूळ प्रती नष्ट झाल्या. गिटारवरची पट्टी बहुधा पेटत नाही, ती हळूहळू कुजते.

नवा पिकगार्ड कसा घडवतात?

हाताने केलेल्या दोन गिटारी तंतोतंत सारख्या नसतात. मानेचा कोन, फळीचा फुगवटा, घोडीची उंची थोडीथोडी बदलते. त्यामुळे तयार पिकगार्ड आणून बसवता येत नाही. आधी मूळ तुकड्याचा कागदावर ठसा घेतात. तो आक्रसलेला असल्याने वाद्यावरची जुन्या स्क्रूंची भोके आणि पॉलिशवर उमटलेली सावली यांवरून खरा आकार ठरवतात. मग बारीक पात्याच्या करवतीने पत्रा कापायचा, कानशीने कडा साधायच्या, किनारीच्या पट्ट्या ॲसिटोनने मऊ करून थर जोडायचे आणि वाळल्यावर खरवडून एकसारखे करायचे. शेवटी आधार असा वाकवायचा, की पट्टी तारांना लागणार नाही आणि फळीलाही टेकणार नाही. जरा टेकली, तरी वाजवताना खरखर ऐकू येते.

पत्रा कोणता घ्यायचा, हा खरा पेच. नवे सेल्युलॉइड हुबेहूब दिसते, पण काही दशकांनी तेही त्याच वाटेने जाणार. शिवाय ते ज्वलनशील. ॲक्रिलिकसारखे प्लास्टिक टिकते, पण जुन्या कासवी रंगाची खोली त्यात सहज येत नाही.

मूळ तुकड्याचे काय करायचे?

संग्राहकाला प्रत्येक भाग मूळचाच हवा असतो, त्यामुळे तुकडा काढला की वाद्याचे मोल घटेल ही धास्ती असते. पण तो तसाच ठेवला, तर आसपासचे मूळ भागही जातात. म्हणून तो काढून, पेटीबाहेर, हवेशीर आणि थंड जागी वेगळा ठेवायचा, हा व्यवहार्य मार्ग. टाकून द्यायचा नाही. डी’अँजेलिको यांनी पायऱ्या कशा कापल्या, याचा तोच पुरावा असतो.

शिष्याने यातून कोणता मार्ग काढला?

गुरूंच्या पश्चात डी’अक्विस्टो यांनी दुकान विकत घेतले आणि काही वर्षे त्याच घाटाच्या गिटारी केल्या. पुढे त्यांनी सजावट कमी करत नेली. धातू आणि प्लास्टिक हटवून तारा अडकवण्याचा भाग आणि पिकगार्ड शिसवीसारख्या काळ्या एबनी लाकडाचे केले. १९९५ मध्ये त्यांचेही निधन झाले, गुरूंप्रमाणेच ५९ व्या वर्षी. २०११ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने भरवलेल्या प्रदर्शनात दोघांची वाद्ये एकत्र मांडली गेली. लाकडाच्या पिकगार्डमधून आम्ल झिरपत नाही. डी’अँजेलिको यांच्या गिटारींना ती सोय नाही. त्या जपायच्या, तर दर काही दशकांनी कुणी तरी पुन्हा कागदावर ठसा घ्यायला आणि करवत हातात धरायला हवी.