तळघरातून बाहेर आलेला डॉक्टर

सप्टेंबर हा बालकर्करोगाविषयी जनजागृतीचा महिना म्हणून पाळला जातो. डॉ. सिडनी फार्बर यांचा जन्मही याच महिन्यातला. ३० सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील बफेलो शहरी, पोलंडहून आलेल्या एका ज्यू कुटुंबात. चौदा भावंडांत ते तिसरे. ज्यू विद्यार्थ्यांना तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत सहजासहजी प्रवेश मिळत नसे, म्हणून त्यांनी शिक्षणाचा आरंभ जर्मनीत केला आणि पुढे हार्वर्डमधून १९२७ साली पदवी घेतली.

बोस्टनच्या बालरुग्णालयात ते विकृतिशास्त्रज्ञ झाले. दगावलेल्या मुलांचे शवविच्छेदन करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या, मृत्यूचे कारण नोंदवायचे, हे त्यांचे काम, प्रयोगशाळा तळघरात. रक्ताच्या कर्करोगाने गेलेली मुले वर्षानुवर्षे त्यांच्यासमोर येत राहिली. त्या काळी ल्युकेमियाचे निदान म्हणजे काही आठवड्यांची, फार तर काही महिन्यांची मुदत. कारण अचूक सांगता येत होते, मूल वाचवता येत नव्हते.

येथे या कथेचा एक धागा मुंबईशी जुळतो. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ पासून मुंबईत गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रियांचे रक्त भरून येते, असे त्यांना आढळले. त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. हेच जीवनसत्त्व बिघडलेले रक्तही ताळ्यावर आणेल, या आशेने फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या मुलांना दिले. झाले उलटेच, रोग अधिकच फोफावला. दुसऱ्या कोणी तो प्रयोग विसरून जाणे पसंत केले असते. फार्बर यांनी विचार केला, की या पेशींना फॉलिक आम्ल मिळूच दिले नाही तर? असा अडथळा आणणारी द्रव्ये लेडर्ली कंपनीत तयार होत होती आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. हैदराबादच्या आपल्या वाचकांना हे नाव नवे नसेल.

१९४७च्या अखेरीस अमिनोप्टेरिनचा वापर सुरू झाला. सोळापैकी दहा मुलांमध्ये सुधारणा दिसल्याचे फार्बर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केले. अंथरुणाला खिळलेली मुले उठून चालू लागली. मात्र ही सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांतच रोग परतला. मरणपंथाला लागलेल्या लेकरांचे हाल विषारी औषधांनी का वाढवायचे, असा आक्षेप सहकाऱ्यांनी घेतला, आणि त्याला निव्वळ कोतेपणा म्हणता येणार नाही.

फार्बर यांना एक गोष्ट उमगली होती, की हे संशोधन एका तळघरात पुरे होणारे नाही. त्यासाठी पैसा हवा आणि तो लोकांकडूनच यायला हवा. २२ मे १९४८ रोजी त्यांच्या एका बारा वर्षांच्या रुग्णाची भेट रेडिओवरून देशभर ऐकवली गेली. मुलाचे खरे नाव झाकून त्याला ‘जिमी’ म्हटले होते. त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू खाटेभोवती जमले होते. त्याला सामने पाहता यावेत म्हणून दूरचित्रवाणी संच द्या, एवढेच आवाहन होते. देणग्या जमल्या दोन लाख एकतीस हजार डॉलरहून अधिक. अनेक पाकिटांत मुलांनी साठवलेली नाणी होती.

त्या निधीतून १९५२ साली बालरुग्णांसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. औषध, आहार, कुटुंबाला धीर आणि आर्थिक अडचणींत मदत हे सारे एकाच छताखाली मिळाले पाहिजे, हा फार्बर यांचा आग्रह होता. आज तो साधा वाटतो. आजारी मूल घेऊन दूरच्या शहरात धर्मशाळा शोधणाऱ्या आईबापांना त्याचे मोल विचारावे. अमिनोप्टेरिनच्या कुळातले मेथोट्रेक्सेट अजूनही मुलांच्या ल्युकेमियावर वापरले जाते.

३० मार्च १९७३ रोजी फार्बर यांचे निधन झाले. जिमी केव्हाच गेला असणार, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. १९९८ साली, त्या कार्यक्रमाला पन्नास वर्षे होत असताना, तो लोकांसमोर आला. आयुष्यभर त्याने ट्रक चालवला होता.